पालथी ताटली

गाडगे महाराज पुलाच्या अल्याड, बुधवारी,
मेथीच्या जुड्यांशेजारी माझं गोणपाट:
कंदिलाच्या काचा, लोणच्याच्या बरण्या, जोडी हरवलेल्या बश्या,
देवळालीच्या बंगल्यांतून निघालेलं कपाटभर विलायत.

लोक ताटली समोरून बघतात. फुलं, पूल, पक्षी.
मी आधी पालथी घालते.
तोंड कुणीही रंगवून घेतं.

तय्यबअलींनी शिकवलं हे, भद्रकालीत,
भंगाराच्या वजनकाट्याला टेकून.
टिचकी मार, म्हणायचे. टण्ण वाजली तर शाबूत,
बद्द वाजली तर तडा आहे, दिसो न दिसो.
दिव्यापुढं धर. बोटांची सावली आरपार आली तर पोर्सेलीन,
नाही आली तर साधी माती, नाव कितीही साहेबी असेना.
काठावर नक्षीचा सांधा शोध:
छापील कागद चिकटवताना कारखान्यातल्या कुण्या पोरीचा
हात सरकलेला असतो, वेल अर्ध्या पानावर तुटते
आणि भलत्याच पानाला जाऊन मिळते.
अशी चूक सापडली की तय्यबअली चहा मागवायचे.

शिक्क्यात नुसतं 'इंग्लंड' असेल तर पहिल्या महायुद्धाआधीची,
'मेड इन इंग्लंड' असेल तर नंतरची. बहुतेक.
हा 'बहुतेक' सोडू नको, पोरी.
भाव पडतो त्यानं, पण झोप लागते.

आज सुदाम गांगुर्डे आले, नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले,
टॉवेलात गुंडाळलेली एक निळी ताटली घेऊन.
माझ्याआधी त्यांनीच ती उन्हाकडे धरली.
पस्तीस वर्षांची सवय.
"आईची आहे. विकायची नाही. किती जुनी, तेवढं सांगा."

पालथी घातली.
भट्टीतल्या तिवईचे तीन व्रण. नुसतं इंग्लंड.
शंभरच्या वरची, म्हटलं, बहुतेक.
मग उताणी करून सुरीचे चरे शोधले.
साहेबाच्या ताटलीत असतात ते मधोमध,
मांजरानं ओरखडल्यासारखे.
हिच्यात एकही नाही.
राखेनं घासल्याचा धुरकटपणा मात्र, गोल गोल, एकाच हाताचा,
आणि बुडाचं कडं एका बाजूनं खरबरीत,
दगडावर ठेव, उचल, ठेव, उचल.
काठाला मागून लाल ऑइलपेंटचा ठिपका.
हा शिक्का माझ्या वहीत नव्हता.

"घरात वापरत होता?"
"घरात नाही. पंचवटीत एका घरी आई गोठा काढायची.
ही तिथं मागच्या दाराच्या कोनाड्यात. तिच्यापुरती.
चिनी माती त्यांना चालायची नाही, म्हणून तिला.
मुलांनी चुकून आत नेऊ नये, म्हणून ठिपका."

मेथीवाली पाणी शिंपडत होती. थोडं ताटलीवर उडालं.
त्यांनी बाहीनं पुसलं.

"एकोणसत्तरचा पूर ओसरल्यावर तिला चिखल काढायला बोलावलं.
पितळ गेलं होतं, पाटसुद्धा गेले होते.
कोनाडा गाळानं भरलेला, आणि त्यात ही, रुतून बसलेली.
आईनं धुतली, पदराखाली घेतली,
परत गेली नाही त्या घरी.
आमच्याकडं तिच्यात कुणालाच जेवू दिलं नाही तिनं.
माझा पहिला पगार ठेवला होता, एक रात्र."

मी चिठ्ठी लिहिली, गिऱ्हाइकाला देते तशी:
इंग्लंड, अठराशे एक्याण्णव ते एकोणीसशे चौदा, बहुतेक.
पेन थांबलं. खाली अजून एक ओळ लिहिली:
नाशिक, एकोणीसशे एकोणसत्तर.
तिथं 'बहुतेक' लिहिलं नाही.

त्यांनी ती दोनदा वाचली, चष्म्याच्या घरात ठेवली.
पैसे मी घेतले नाहीत, त्यांनी गोणपाटाखाली सारलेच.

टिचकी मारायची राहिली होती.
टॉवेलात गुंडाळायच्या आधी त्यांनीच मारली,
नखानं, काठावर.
तीन गोणपाटं पलीकडच्या लसूणवाल्यानं
मान वळवून बघितलं.